तीन मिनिटांच्या प्लेटीमागची माणसं

तुम्ही विचारलंय की ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या, तबकड्यांच्या काळातले गायक-वादक मला प्रत्यक्ष भेटले का, भेटले असतील तर त्यांच्याकडून काय कळलं. आणि १९५० च्या दशकात ध्वनिमुद्रणाला तबल्याची साथ केलेले तुमचे आजोबा आता नव्वदीत आहेत, त्यांच्याशी या विषयावर कसं बोलावं. तिन्ही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत, म्हणून एकत्रच लिहितो.

भेटले. सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून मी जुन्या तबकड्या जमवतो, स्वच्छ करतो, त्यांचा आवाज उतरवून ठेवतो. त्या निमित्ताने पुणे, मुंबई, कोल्हापूर, मिरज, हुबळी-धारवाड इथल्या बऱ्याच घरांत जाणं झालं. ज्यांचं नाव ऐकताच समोरचा कान टवकारेल असे त्यांत फार थोडे. बहुतेक जण साथीदार होते, पेटीवाले, तबलजी, सारंगिये. काही गायिका अशा, की दोन-चार प्लेटी, म्हणजे तबकड्या, दिल्या आणि पुढे गाणं थांबलं. नावं इथे देत नाही. काहींनी तसं बजावलं होतं, काहींच्या घरच्यांना ते आजही रुचणार नाही.

या मंडळींमुळे माझं ऐकणंच बदललं. आपण ७८ ची तबकडी ऐकतो तेव्हा मनात असं धरून चालतो, की मोठ्या मैफिलीतली तीन मिनिटं कापून इथे ठेवली आहेत. प्रत्यक्षात ते स्वतंत्र काम होतं, त्याची तयारी वेगळी होती, आणि त्या तयारीतला मोठा भाग साथीदाराच्या डोक्यात आणि हातात होता. त्याचं नाव मात्र लेबलवर नसायचं.

आधी काळाचा अंदाज यावा म्हणून थोडं. ग्रामोफोन कंपनीचा तंत्रज्ञ फ्रेड गैसबर्ग १९०२ साली कलकत्त्याला आला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात गायिका गौहरजान यांचं गाणं मेणाच्या तबकडीवर उतरलं. त्या मूळ तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या आणि तिथून छापील प्रती परत यायच्या. गाण्याच्या शेवटी गौहरजान स्वतःचं नाव इंग्रजीत सांगतात ते हॅनोव्हरच्या कामगारांसाठी, कुठली तबकडी कुणाची हे त्यांना कळावं म्हणून. १९०८ मध्ये कलकत्त्यातच सियालदहला कारखाना सुरू झाला आणि हा फेरा संपला. मायक्रोफोन मात्र वीसच्या दशकाच्या मध्यानंतर आला. तोवर गाणाऱ्याच्या आवाजातला जोरच कर्ण्यातून, म्हणजे मोठ्या भोंग्यातून, जाऊन आतल्या पातळ पडद्याला हलवायचा आणि पडद्याला जोडलेली सुई मेणात रेघ कोरायची.

कर्ण्यात गायलेल्या पिढीतल्या एकच बाई मला नीट बोलत्या भेटल्या, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, कोल्हापुरात. गोव्याकडच्या गाणाऱ्या घराण्यातल्या. दहा-अकरा वर्षांच्या असताना आईबरोबर मुंबईला जाऊन त्यांनी दोन पदं दिली होती. भाड्याने घेतलेल्या बंगल्यातली एक खोली, खिडक्यांना जाड पडदे, भिंतीतून बाहेर आलेलं कर्ण्याचं तोंड. उंची पुरावी म्हणून त्यांना खोक्यावर उभं केलं होतं आणि मागे उभ्या असलेल्या माणसाचे दोन्ही हात त्यांच्या खांद्यांवर होते. आवाज तार षड्जाकडे, म्हणजे वरच्या सा कडे, निघाला की तो त्यांना मागे ओढायचा आणि मंद्रात, खालच्या सुरांत, उतरल्या की पुढे कर्ण्यात लोटायचा. मोठा स्वर जवळून गेला तर सुई रेघेबाहेर उडायची, म्हणून हा बंदोबस्त. पेटी टेबलावर चढवून कर्ण्याच्या उंचीला आणली होती, तबला बाजूला, बराच मागे. तंबोरा होता का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, “होता की. पण तो आमच्यासाठी. कर्ण्याला कुठला ऐकू यायला?”

बोलता बोलता त्यांनी त्यातलं एक पद गुणगुणायला सुरुवात केली. वरच्या षड्जावर जाताना त्यांचे खांदे आपोआप मागे गेले आणि अंतरा संपवून खाली येताना मान पुढे आली. मधे साठ वर्षं गेली होती आणि ते गाणं त्यांनी पुन्हा कधी लोकांपुढे म्हटलं नव्हतं. त्या काळच्या कुठल्याही तबकडीवर तार सप्तकातला स्वर किंचित लांबून आल्यासारखा वाटतो. ऐकणारा सहज म्हणून जातो की वर गेल्यावर आवाज बारीक होतो. बारीक होत नव्हता. माणूस मागे ओढला जात होता. मला हे कुठल्या तांत्रिक पुस्तकातून इतकं पक्कं कळलं नसतं.

आता तीन मिनिटांबद्दल. हा भाग मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला सव्वातीन मिनिटांच्या आसपास गाणं मावतं, बारा इंचीला चारच्या वर. पुण्यातले एक पेटीवादक तीसच्या दशकात मुंबईच्या स्टुडिओंमध्ये नेमाने वाजवायचे. हिशोब त्यांनी मला बोटांवर करून दाखवला. मिनिटाला १६० मात्रांची लय धरली तर सोळा मात्रांच्या त्रितालाची दहा आवर्तनं, म्हणजे तालाचे दहा फेरे, एका मिनिटात होतात. म्हणजे सगळी बाजू मिळून तीस-बत्तीस आवर्तनं. त्यातली चार मुखडा (गाण्याची सुरुवातीची ओळ) बसवायला, सहा-आठ अस्ताई (गाण्याचा पहिला भाग) भरायला, मग अंतरा (दुसरा भाग), उरलेल्यात ताना, शेवटची दोन मुखड्यावर परत यायला. हा आराखडा आदल्या दिवशी गायकाच्या बिऱ्हाडी घड्याळ समोर ठेवून व्हायचा. गायक सुचेल तसा गाणार, तान कुठे जाईल हे त्याचं त्यालाच ठाऊक नसणार, म्हणून आवर्तनं मोजायची जबाबदारी पेटीवाल्यावर. पंचविसावं आवर्तन लागलं की ते पेटीवर एक ठरलेली स्वरसंगती जरा दाबून वाजवायचे. गायकाला ती खूण. तबकडीवर ती ऐकू येते आणि ऐकणाऱ्याला वाटतं, काय सुरेख भरणा केलाय!

विलंबिताचं, म्हणजे संथ लयीचं, गणित याच हिशोबाने करून बघा. एकतालात एका मात्रेला चार सेकंद घेतले तर बारा मात्रांचं एक आवर्तन ४८ सेकंदांचं. चार आवर्तनांत बाजू संपली. त्यामुळे कुणी बडा ख्याल दिलाच तर तो मध्यलयीत ओढून घेतलेला असायचा, आलाप जवळपास गाळलेला. म्हणून कुणी ७८ च्या तबकड्या पुढे करून “अमुक घराण्याची लय तेव्हा चढीच होती” असं सांगू लागलं, की मी थांबवतो. त्या लयीवरून तबकडीची लांबी कळते. मैफिलीतली लय कळत नाही.

ही बंधनं सोसून ज्यांनी काही उभं केलं त्यांच्याबद्दल माझा आदर या भेटींनंतर कितीतरी वाढला. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तीसच्या दशकातल्या ओडियन कंपनीच्या तबकड्या घ्या. झिंझोटीतल्या ठुमरीत ते तीन मिनिटांत असे वावरतात की कुठे घाई जाणवत नाही, स्वर टेकवायला त्यांना अख्खी रात्र मिळाल्यासारखी वाटते. केसरबाई केरकरांची भैरवी साडेतीन मिनिटांची आहे. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर जी सोनेरी तबकडी अवकाशात गेली तिच्यासाठी तीच निवडली गेली. इतक्या थोड्या वेळात आख्खा राग उभा करणं ज्यांना जमलं, त्यांनी त्यासाठी वेगळी मेहनत घेतली होती, हे साथीदारांनी सांगितलं नसतं तर आपल्याला ती नुसती देणगी वाटली असती.

तबकडी नकोच म्हणणारेही होते. जयपूर घराण्याचे गायक अल्लादिया खाँसाहेब यांनी ध्वनिमुद्रण दिलं नाही. गायक भास्करबुवा बखले १९२२ मध्ये गेले, त्यांचाही आवाज मागे राहिलेला नाही. त्यांची गायकी आपल्याला शिष्यांच्या तबकड्यांमधून शोधावी लागते, बुवांची बालगंधर्व आणि मास्टर कृष्णरावांमध्ये, खाँसाहेबांची केसरबाई आणि मोगूबाई कुर्डीकरांमध्ये. मिरजेत एका वृद्ध सारंगियांना मी याचं कारण विचारलं होतं. त्यांनी कारण सांगण्याऐवजी एक तान सारंगीवर दोनदा वाजवली, एकदा समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, येणारी पूर्ण, एकदा मधेच तोडलेली. बोलले काहीच नाहीत.

यानंतरचा भाग माझ्या रोजच्या कामाशी जोडलेला आहे. आपण ‘७८ ची तबकडी’ म्हणतो खरे, पण जुन्या तबकड्या अचूक ७८ फेऱ्यांवरच मुद्रित झालेल्या असतात असं नाही. कर्ण्याच्या काळातल्या तर बऱ्याच कमी-जास्त. सुमारे ७४ फेऱ्यांवर मुद्रित झालेली तबकडी ७८ वर लावली की सूर अर्ध्या स्वराने चढतो. पेटीच्या पट्ट्यांवरून सुराला नाव देतात, त्या हिशोबाने काळी एकचं गाणं पांढरी दोनमध्ये ऐकू येतं, लयही तितकीच वाढते आणि आवाजाचा पोतच पालटतो. पुरुषाचा आवाज कोवळा होतो, बाईचा चिरका. मग खरी गती ठरवायची कशी? तबकडीवर ते लिहिलेलं नसतं. गायकाची पट्टी, म्हणजे तो ज्या सुराला सा धरून गातो ती, कळली तर ठरवता येते, आणि पट्टी सगळ्यांत पक्की आठवते साथीदाराला, कारण त्याचं वाद्यच तिच्यावर बांधलेलं असतं.

मुंबईत गिरगावातल्या एका तबलजींकडे मी त्यांनीच साथ केलेली तबकडी घेऊन गेलो होतो. लावली. त्यांनी अर्धा मिनिट ऐकलं आणि नकारार्थी मान हलवली. “हा मी नव्हे. इतका उतावीळ ठेका मी वाजवायचो नाही.” मुलगा म्हणाला, बाबांना आता आठवत नाही. मी वादात न पडता विचारलं की बाईंच्या साथीला कुठला तबला न्यायचात. ते उठले, कपाटातून एक दाया (उजव्या हाताचा तबला) काढला, हातोडीने थोडा उतरवला आणि चाटीवर, म्हणजे त्याच्या कडेवर, बोट मारलं. काळी एक. तबकडी वाजत होती पांढरी दोनमध्ये. मी गती हळूहळू कमी करत आणली. तबकडीचा षड्ज त्यांच्या तबल्याशी जुळला तेव्हा ठेकाही सैल झाला, बायाची, म्हणजे डाव्या हाताच्या डग्ग्याची, घसीट ऐकू यायला लागली आणि ते म्हणाले, “हां. आता मी.” मग पुढच्या मुखड्याआधीचा तुकडा त्यांनी तबकडीवर यायच्या आतच मांडीवर वाजवून दाखवला. तंतोतंत तोच. आठवण त्यांची पक्की होती, चूक यंत्राच्या गतीत होती. मुलाने त्यानंतर वडिलांसमोर बसून सगळं ऐकून घेतलं, याचा मला त्या तबकडीपेक्षा जास्त आनंद झाला.

एक खबरदारी सांगतो. गायकाची पट्टी वयानुसार उतरते आणि जुन्या पेट्या आजच्या प्रमाण सुराला मिळवलेल्या असतीलच असं नाही. म्हणून एकाच आठवणीवर गती ठरवू नये. त्याच गायकाच्या त्याच सुमारच्या दोन-तीन तबकड्या, साथीदाराचं सांगणं आणि वाद्य हाताशी असेल तर वाद्य, असं तिन्ही मिळवून पाहावं.

मायक्रोफोन आल्यावर काय बदललं याबद्दल सगळ्यांचं सांगणं एकसारखं. बायाचा घुमारा पहिल्यांदा तबकडीवर आला आणि हळू गाणाऱ्यांना जागा मिळाली. मराठी भावगीत तीसच्या दशकात फुललं त्याला कवी आणि गायक जितके कारण, तितकाच मायक्रोफोन, असं माझं मत आहे. जी. एन. जोशी, पुढे गजाननराव वाटवे यांच्यासारखं कानाशी बोलल्यागत गाणं कर्ण्याने पकडलंच नसतं.

नावांचा विषय मात्र मला आजही टोचतो. तबलावादक तिरखवाँ आणि सारंगिये कादरबक्ष यांनी बालगंधर्वांना साथ केली हे आपल्याला माहीत आहे, कारण ते गंधर्व नाटक मंडळीत होते आणि स्वतः मोठे होते. बाकीच्या शेकडो तबकड्यांवर साथ कुणाची, हे लेबलवरून कळत नाही. कामाचे पैसे हातात मिळायचे, पुढच्या विक्रीशी संबंध नाही, असंच बहुतेकांनी सांगितलं. गायिकांच्या बाबतीत तर मुख्य नावसुद्धा बदललेलं असायचं. गंगूबाई हनगल यांच्या सुरुवातीच्या तबकड्या ‘गांधारी’ या नावाने निघाल्या. घरंदाज म्हणवणाऱ्या कुटुंबातल्या कुणी गायलं तर नावापुढे कंसात ‘अ‍ॅमॅच्युअर’ छापायचे, म्हणजे हा यांचा धंदा नव्हे.

सांगलीकडच्या एका आजींनी लग्नाआधी भावगीतांची एक तबकडी दिली होती, दुसऱ्याच नावाने. सासरी कुणाला ठाऊक नव्हतं. त्यांच्या माहेरच्या एका नातलगाकडून मला कळलं म्हणून गेलो. त्यांनी दुपारी, घरात कुणी नसताना यायला सांगितलं. दोन्ही बाजू ऐकल्या, पुन्हा लावायला सांगितल्या, साथीला कोण होतं ते सविस्तर लिहून घ्यायला लावलं आणि स्वतःचं नाव मात्र कुठे येऊ नये असा शब्द घेतला. तो मी पाळला आहे. माझ्या नोंदीत त्या तबकडीपुढे साथीदारांची खरी नावं आहेत आणि गायिकेचं लेबलवरचंच.

आता तुमच्या आजोबांबद्दल. “तुमच्या काळी कसं होतं?” हा प्रश्न विचारू नका. त्याचं उत्तर सगळे जण सारखंच देतात. खोलीपासून सुरुवात करा. कुठल्या दाराने आत गेलात, गायक कुठे बसला होता, तुम्ही त्याच्या कुठल्या हाताला, मायक्रोफोन एक की दोन, काचेपलीकडून कोण खूण करायचं, बोटाने की दिव्याने. जागा आठवली की माणसं आठवतात आणि माणसं आठवली की गाणं. शक्य असेल तर कुठली तबकडी आहे हे न सांगता वाजवा आणि त्यांच्या हातांकडे बघा. हात मांडीवर चालायला लागले की तुम्ही गप्प राहा. अर्ध्या-पाऊण तासाच्या वर बसू नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा बसा. पहिल्या दिवशी न आठवलेलं रात्रीतून आठवलेलं असतं.

वर्षं विचारून उपयोग नाही, साल फार कमी जणांना नेमकं आठवतं. घटनांना बांधून विचारा. लग्नाच्या आधी की नंतर, पुण्यात असतील तर पानशेतच्या पुराच्या आधी की नंतर, म्हणजे जुलै १९६१ हा खुंटा मिळतो. ते चुकताहेत असं वाटलं तरी तिथल्या तिथे दुरुस्त करू नका. लिहून ठेवा आणि नंतर ताडून बघा. सगळं बोलणं रेकॉर्ड करा, सुरुवातीला तारीख आणि जागा मोठ्याने बोलून. आणि घरात त्यांचा तेव्हाचा तबला असेल तर तो समोर असू द्या, वरचं कातड्याचं पान बदललेलं असलं तरी चालेल. तोंड केवढं आहे यावरून तो कुठल्या पट्टीसाठी होता हे ते सांगतील.

तबकड्या घरी असतील तर त्यांना हात लावण्याआधी दोन गोष्टी. त्या लाखेच्या असतात आणि स्पिरिट लाखेला विरघळवतं, तेव्हा स्पिरिट किंवा स्पिरिट असलेलं कुठलंही द्रव्य लावू नका. डिस्टिल्ड पाण्यात सौम्य साबणाचा थेंब, मऊ ब्रश, रेघांच्या दिशेने हलक्या हाताने, लेबल कोरडं ठेवून, आणि लगेच पुसून घ्यायचं. वाजवायला जुना चावीचा ग्रामोफोन वापरू नका, जड साउंडबॉक्स (सुई धरणारी डबी) आणि पोलादी सुई रेघ झिजवतात. एलपीची सुईही नको, ती ७८ च्या रुंद रेघेच्या मानाने बारीक असते, तळाशी घासते. ७८ साठी वेगळी, रुंद टोकाची सुई मिळते आणि गती बदलता येणारी टर्नटेबल मिळते. ज्यांच्याकडे ती आहे अशा संग्राहकाकडून उतरवून घ्या. मुंबईत १९९० पासून ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था आहे, तिथल्या मंडळींना या कामाची कळकळ आहे.

आजोबांशी बोलायला बसण्याआधी एक काम करून ठेवा. प्रत्येक तबकडीच्या दोन्ही बाजू तिरप्या उजेडात धरून लेबलजवळच्या गुळगुळीत पट्टीवर कोरलेले आकडे उतरवून घ्या. लेबलवर छापलेला क्रमांक विक्रीचा असतो, हा कोरलेला आकडा मुद्रणाचा. दोन तबकड्यांचे आकडे लागोपाठचे आले तर बहुधा त्या एकाच बैठकीतल्या असतात. मग आजोबांना त्या दिवशी पहिलं गाणं कुठलं झालं ते विचारा आणि पेटीवर कोण होतं तेही विचारून लिहून घ्या.